नख पुन्हा काळं पडलं? बुटाचा नंबर वाढवण्याआधी हे तपासा

सातारा हिल हाफ मॅरेथॉन झाली की दोन दिवस आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपवर मेडलचे फोटो येतात आणि तिसऱ्या दिवसापासून काळ्यानिळ्या अंगठ्यांचे सुरू होतात. त्याखाली ठरलेला सल्ला असतो: "बूट लहान होतोय, एक नंबर मोठा घे." माणूस निमूटपणे मोठा घेतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच नख, आणि आता शेजारच्या बोटाचंही. मग "माझी नखंच नाजूक" म्हणून विषय मिटवला जातो.

नखं नाजूक वगैरे नसतात. काळं नख हे लक्षण एकच असलं तरी त्यामागे बुटाचे तीन निरनिराळे दोष असू शकतात: बूट खरंच आखूड असणं, पाय बुटात पुढे घसरणं, किंवा बुटाचं टोक बोटांच्या आकाराला न जुळणं. नंबर वाढवणं हा फक्त पहिल्याचा उपाय. तिसऱ्यात त्याने फारसा फरक पडत नाही, आणि दुसऱ्यात तर दुखणं वाढतं. माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त जण नेमके या दुसऱ्या गटातले असतात.

नख काळं होतं कसं

साताऱ्याचाच मार्ग घ्या. यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने पुढे जायचं आणि आल्या वाटेने खाली उतरायचं. धास्ती सगळ्यांना चढाची असते, पण नखांची वाट लागते ती उतारावर. उतरताना बूट डांबराला धरून थांबतो, आतला पाय मात्र क्षणभर पुढे जात राहतो. मिनिटाला १६५ पावलं धरली तर तासाभराच्या उतारात एकेक पाय पाच हजारांच्या घरात वेळा टेकतो. दर वेळी बोट पुढच्या भिंतीला थोडंसं लागलं तरी नखाखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, रक्त साकळतं आणि नख काळं दिसायला लागतं. ज्यांचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं, त्यांच्यात मार त्या बोटाला बसतो.

म्हणजे बोटापुढे जागा किती आहे एवढाच प्रश्न नाही. पाय मागे कशाने धरून ठेवलाय, हाही आहे. घोट्याखाली आणि टाचेला पाय नीट धरलेला असेल तर पुढे बोटभर जागा पुरते. धरलेला नसेल, तर दिलेली जागा पार करून तो आपटतोच, आणि जागा जितकी जास्त तितका वेग घेऊन.

आधी जुना जोड वाचा

नवीन बूट शोधायला निघण्याआधी, ज्या जोडाने नख काळं केलं तो समोर घ्या. दुकानातलं कुठलंही मशिन सांगणार नाही इतकं तो सांगतो.

इनसोल, म्हणजे बुटातली तळाची पातळ गादी, बाहेर काढा. बहुतेक रनिंग शूजमध्ये तो नुसता ठेवलेला असतो. चिकटवलेला असेल तर हलक्या हाताने सोडवा. उजेडात तिरका धरला की चवड्याचा आणि पाच बोटांचा काळपट, चकचकीत ठसा दिसतो. अंगठ्याचा खड्डा इनसोलच्या अगदी कडेला किंवा कडेवर चढलेला असेल, तर बूट आखूड आहे. ठसा कडेपासून चांगला मागे आहे, पण गोल खड्ड्याऐवजी ओढल्यासारखा लांबट आहे, तर पाय घसरतोय. करंगळीचा ठसा इनसोलच्या बाहेर सांडलाय, तर बूट अरुंद.

आता बुटाच्या टाचेत आतून बोट फिरवा. अस्तर गुळगुळीत असेल तर ठीक. त्यावर गोळे आले असतील, कापड फाटून आतला स्पंज किंवा त्यामागचं टणक प्लास्टिक लागत असेल, तर टाच दर पावलाला वरखाली होत होती. शेवटी हात पुढे घालून अंगठ्यावरचं छत चाचपा. जाळी तिथे विरली असेल किंवा भोक पडलं असेल, तर नखाला मार समोरून बसत नाहीये, वरून बसतोय. काहींना पळताना अंगठा वर उचलायची सवय असते, त्यांना लांबी कितीही दिली तरी उपयोग नाही. त्यांना टोकाशी उंच असलेला बूट लागतो.

आमच्यात एक काकू आहेत, पन्नाशीनंतर पळायला लागल्या. त्यांच्या जोडात दोन्ही अंगठ्यांचे ठसे जोडीजोडीने होते: एक मागे, चालतानाचा, आणि एक पुढे, उतारावरचा. मधे पुसट पट्टा. टाचेचं अस्तर एवढं फाटलेलं की मोज्याचे धागे त्यात अडकून बसलेले. आणि हा जोड आधीच एक नंबर मोठा घेतलेला होता! त्यांना लेस वेगळ्या तऱ्हेने बांधून दिली, पुढच्या खरेदीला नंबर परत खाली आणला आणि काम झालं.

नंबर वाढवल्याने बिघडतं काय

आपल्याकडे दुकानात "आठ नंबर", "नऊ नंबर" म्हणतात तो बहुधा यूकेचा नंबर. त्यात एका पूर्ण नंबराचा फरक एक तृतीयांश इंचाचा, म्हणजे साडेआठ मिलिमीटरच्या आसपास. अर्ध्या नंबराचा सव्वाचार. ऐकायला किरकोळ वाटतं. पण नंबर वाढला की नुसती लांबी वाढत नाही. टाचेची वाटी मोठी होते, मधला भाग सैल होतो आणि बूट जिथे दुमडायला हवा ती जागा तुमच्या चवड्याच्या पुढे सरकते. पाय पुढे घसरत होता, त्याला आता घसरायला जास्त मोकळं रान मिळतं. वरून माणूस लेस करकचून आवळतो आणि पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या यायला लागतात.

शिवाय "मला आठ लागतो" हे वाक्यच अर्धवट आहे. बुटाच्या जिभेच्या आत लहान लेबल असतं, त्यावर यूके, यूएस, युरोपियन नंबर आणि सेंटिमीटर असे चारही आकडे छापलेले असतात. नायकीच्या पुरुषांच्या यूके आठवर २७ सेंटिमीटर असतं, आदिदासच्या यूके आठवर २६.५. दोन्ही आठच! म्हणून नंबर विसरा, सेंटिमीटर लक्षात ठेवा. ऑनलाइन घेणाऱ्यांनी तर नक्कीच.

माप घ्यायची पद्धत

यासाठी ए-फोर कागद पुरतो, त्याची लांबी २९.७ सेंटिमीटर. कागदाची एक आखूड कड भिंतीला लावून ठेवा, भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा, पळताना घालता तेच मोजे घालून. सगळ्यात लांब बोटाच्या टोकापासून कागदाच्या पुढच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा आणि २९.७ मधून वजा करा. मोजणारा दुसरा कोणी असू द्या, कारण स्वतः वाकलात की वजन सरकतं आणि माप चुकतं. बसून माप घेऊ नका. उभं राहिल्यावर पाय काही मिलिमीटर लांब आणि रुंद होतो.

वेळ संध्याकाळची. दिवसभरात पाय थोडा फुगतो आणि लांब पळताना त्याहून जास्त. सकाळी ताज्या पायांनी घेतलेला बूट पंधराव्या किलोमीटरला चावणारच. दोन्ही पाय मोजा आणि मोठ्या पायाचं माप धरा. दोन्ही तंतोतंत सारखे असणारी माणसं कमीच. आणि शाळेत असताना ठरलेला नंबर जन्मभर चालत नाही. वयानुसार पाय पसरतो, बाळंतपणानंतर बऱ्याच बायकांचा पाय कायमचा थोडा लांब होतो.

जे माप येईल त्यापेक्षा लेबलवरचा सेंटिमीटरचा आकडा अर्धा ते एक सेंटिमीटर मोठा असलेल्या बुटापासून घालून बघायला सुरुवात करा. शेवटचा निर्णय पायात घातल्यावरच.

रुंदीचं दुखणं वेगळं

पुष्कळ जण रुंदी कमी पडते म्हणून लांबी वाढवतात, हीसुद्धा पाय घसरण्यामागची एक वाट आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातल्या लाखाहून जास्त लोकांच्या पायांची मापं घेतली. भारतीय पाय युरोपियन-अमेरिकन पायांपेक्षा रुंद असल्याचं त्यात दिसलं आणि त्यावरून 'भा' नावाची देशी मापपद्धत सुचवली गेली. ती दुकानात येईल तेव्हा येईल. तोवर आपल्याला परदेशी साच्यांवर बेतलेल्या बुटांतूनच निवड करायची आहे.

या बुटांना रुंदीचीही मापं असतात, फक्त दुकानात कोणी सांगत नाही. पुरुषांचा नेहमीचा बूट डी रुंदीचा, बायकांचा बी. त्याहून रुंद हवा असेल तर पुरुषांत टू-ई, बायकांत डी. असिक्स, ब्रूक्स, न्यू बॅलन्स यांच्या काही मॉडेलांत रुंद बूट निघतात. दुकानात ते मांडलेले नसतात, विचारावे लागतात आणि बऱ्याचदा मागवावेच लागतात.

बायकांसाठी एक सोपी पळवाट आहे. यूके नंबर बहुतेक ब्रँडमध्ये पुरुष-बायकांना सारख्याच लांबीचा असतो. बायकांचा सहा आणि पुरुषांचा सहा लांबीला बरोबरीचे, पण पुरुषांचा चवड्याला रुंद. लेबलवरचे सेंटिमीटर जुळवून घ्या, म्हणजे झालं. पुरुषांचा जोड टाचेला सैल पडण्याची शक्यता असते. त्यावर उपाय पुढे दिलाय. दुकानदार "मॅडम, हा जेंट्सचा आहे" म्हणेल. म्हणू दे.

दुकानात गेल्यावर

मोजे घरून न्या. दुकानातला तो पारदर्शक पातळ मोजा घालून घेतलेला बूट घरी वेगळाच निघतो.

लेस पूर्ण सैल सोडून पाय आत घाला आणि बोटं पुढे टेकेपर्यंत सरकवा. आता टाचेमागे तर्जनी जेमतेम शिरायला हवी. दोन बोटं शिरली तर बूट मोठा, एकही नाही तर आखूड. मग टाच मागे ठोकून बसवा, लेस बांधा, उभे राहा. लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी, एक-सव्वा सेंटिमीटर जागा राहायला हवी. हे दुसऱ्या कोणाला दाबून बघायला सांगा.

आता खरी परीक्षा. गुळगुळीत फरशीवर चार पावलं चालून काही कळत नाही. दुकानात जिना असेल तर झपझप खाली उतरा, दर पायरीवर जोर देऊन. जिना नसेल तर बुटाचं टोक जमिनीवर तीन-चारदा ठोका, दार ठोठावतात तसं. बोट पुढे लागलं तर कारण शोधा: टाच मागून सुटली का? सुटली असेल तर नंबर वाढवू नका, लेस पुन्हा बांधून बघा किंवा दुसरं मॉडेल घ्या. टाच जागच्या जागी असून बोट लागलं, तरच अर्धा नंबर वर जा.

टोकाचा आकारही बघा. इनसोल काढून त्यावर उभे राहा. बोटं कडेबाहेर सांडत असतील, तर तो साचा तुमचा नाही. वरची जाळी कितीही मऊ असली तरी. निमुळत्या टोकाच्या बुटात, बोटं साधारण एका रेषेत असलेल्या पावलाला आधी करंगळीचं आणि मग अंगठ्याचं नख गमवावं लागतं.

"वापरून सैल होईल" हे वाक्य चामड्याच्या बुटाच्या काळातलं आहे. रनिंग शूजची जाळी रुंदीला थोडीफार सैलावते, लांबीला अजिबात नाही. पहिल्या दिवशी जो चावतो, तो घाटात फाडून खाईल.

काही दुकानांत ट्रेडमिलवर पळवून "तुमचा पाय आत पडतो (टेकताना आतल्या बाजूला कलतो), तुम्हाला अमुकच बूट लागेल" असं सांगतात. पळायला मिळालं तर पळा, बूट कसा वाटतो ते कळतं. त्या निदानाला मात्र फार किंमत देऊ नका. अमेरिकी सैन्यात भरती झालेल्यांना पावलाच्या ठेवणीनुसार बूट नेमून देऊन पाहिले होते, त्यांच्या दुखापती इतरांपेक्षा कमी झाल्या नाहीत. आणि काळ्या नखाचा तर या आत-बाहेर पडण्याशी संबंध फारच थोडा.

टाच धरून ठेवणारी लेस

बुटाला सगळ्यात वर, घोट्याच्या बाजूला एक जादा भोक असतं. बाकीच्या रांगेपेक्षा थोडं मागे. बहुतेकांना ते शोभेचं वाटतं. घसरणाऱ्या पायाचा सगळ्यात स्वस्त इलाज तिथेच आहे.

नेहमीसारखी लेस ओवत शेवटून दुसऱ्या भोकापर्यंत या. आता लेस पलीकडे न नेता त्याच बाजूच्या शेवटच्या भोकात बाहेरून आत घाला. दोन भोकांच्या मधे लहानसा फास तयार होईल. तो ओढून मिटवू नका. दुसऱ्या बाजूलाही तसंच. मग डावं टोक उजव्या फासातून आणि उजवं टोक डाव्या फासातून काढा. टाच मागे ठोकून बसवा आणि दोन्ही टोकं वर न ओढता खाली, बाजूंना ओढा. घोट्याभोवती बूट आवळला गेल्याचं लगेच जाणवतं. मग नेहमीची गाठ.

यात चवड्यावरची लेस घट्ट करायची नाही. तिथे सैल, घोट्याशी घट्ट. पहिल्यांदा बांधून पाच-सहा किलोमीटरची सोपी फेरी मारा, रेसच्या दिवशी प्रयोग नको. इतकं करूनही टाच सुटत असेल, तर जिभेच्या आतल्या बाजूला चिकटवायची पातळ गादी मिळते, ती लावली की पाय मागे दाबला जातो. तरीही सुटत असेल तर बूट चुकलाय, पैसे गेले असं समजा आणि तो जोड रोजच्या चालण्याला काढा.

नखाशिवाय दुसरं काही होत असेल तर

तिसऱ्या-चौथ्या बोटाला मुंग्या किंवा जळजळ: चवड्याला अरुंद. रुंद बूट घ्या. महिनाभरात गेलं नाही तर डॉक्टर, कारण बोटांमधली नस दबून जाड झालेली असू शकते.

पावलाच्या वरच्या बाजूला दुखणं: लेसचा दाब. दुखऱ्या जागेवरचं एक भोक सोडून लेस ओवा.

टाचेच्या मागे फोड: टाच घसरतेय, वरची लेस बांधा.

पावलाच्या आतल्या कमानीला फोड: बुटाची कमान तुमच्या कमानीच्या जागी नाही. याला लेस, मोजा, काही चालत नाही. मॉडेल बदला.

पावसाचं काय

साताऱ्याची रेस पावसाळ्यात असते आणि कासच्या अंगाला धुकं-पाऊस ठरलेलाच. ओल्या बुटात ओला पाय कोरड्यापेक्षा जास्त घसरतो. सुती मोजा पाणी धरून ठेवतो, जड होतो आणि बोटांपाशी गोळा होतो, म्हणजे पुढची जागा तो खाऊन टाकतो. सिंथेटिक मोजा वापरा, शक्यतो टाचेची ठेवण असलेला, आणि बोटांना व्हॅसलीन लावा. रेसआधी एकदा भर पावसात, उतारावर, त्याच मोज्यांत पळून बघा. ओला जोड उन्हात किंवा हीटरपुढे ठेवू नका, बुटाचे चिकटवलेले भाग सुटतात. इनसोल काढून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोन-तीन तासांनी बदला.

नखं रेसच्या दोन-तीन दिवस आधी सरळ कापा, कोपरे गोल न करता. आदल्या रात्री अगदी मुळाशी कापलेली नखं दुसऱ्या दिवशी दुखतातच.

आधीच काळं झालेल्या नखाचं

दुखत नसेल तर हात लावू नका, आपोआप सुटू द्या. ठणका लागला असेल तर पहिल्या एक-दोन दिवसांतच डॉक्टरकडे जा, ते साकळलेलं रक्त काढून देतात. सुई तापवून घरी भोक पाडायचा उद्योग करू नका. मधुमेह असेल तर साध्या फोडालाही दाखवून घ्या.

पायाचं नख महिन्याला दीड मिलिमीटरच्या आसपास वाढतं, त्यामुळे अंगठ्याचं पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष जातं. नवा बूट बरोबर आहे की नाही, हे जुना डाग गेला का यावरून ठरवू नका. मुळाशी येणारं नवं नख स्वच्छ गुलाबी आहे का ते बघा. नखाच्या वाढीबरोबर डाग पुढे सरकायला हवा. मार लागल्याचं आठवत नसताना आलेला, पुढे न सरकणारा, उभ्या काळ्या पट्ट्यासारखा किंवा शेजारच्या कातडीत उतरलेला डाग असेल, तर बुटांचा नाद सोडा आणि त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. नखाखाली होणारा त्वचेचा कर्करोग असाच दिसू शकतो.